चष्मा न लावणारी

आमच्या लॅबमध्ये एक बाई होती, तिला कागदावरची चपटी चित्रं खोल दिसायची. चष्मा नाही, भिंग नाही, काही नाही. शोधनिबंधात एकाच रेणूची दोन चित्रं शेजारी शेजारी छापलेली असतात, जुळ्या बहिणींसारखी. डावं डाव्या डोळ्यासाठी, उजवं उजव्यासाठी. तुम्हाआम्हाला ती दोनच दिसतात. ही बाई कागद नाकासमोर धरायची, तिचे डोळे क्षणभर पेंगल्यासारखे व्हायचे आणि ती सहज बोलून जायची, "ही साखळी पुढे आलीय. ती मागून वळलीय." जणू गॅलरीतून समोरच्यांच्या दोरीवरचे कपडे सांगतेय. सगळे तिला 'डोळेवाली' म्हणत. मी मनातल्या मनात 'तिरळी' म्हणायची. आता नातवंडं झाली, आता कसली लाज? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

सुरतेत स्फटिक म्हटलं की लोकांना हिरे आठवतात. आमचे स्फटिक प्रथिनांचे. मिठाच्या कणाएवढे, आणि कोणाच्या अंगठीत बसतील तर शपथ. त्यांच्यावर क्ष-किरण टाकायचे, मग संगणक पडद्यावर एक निळी जाळी काढून देतो आणि त्या जाळीत अणूंची साखळी ओवत बसायची. जाळीचा कुठला धागा पुढे नि कुठला मागे हे चुकलं, की सगळं काम उसवायचं. डोळेवाली येण्याआधी या कामात लॅबच्या सरांचा भरवसा माझ्यावर. "बेन, जरा अहीं आवो ने," अशी त्यांची हाक आली की मी पदर सावरून निघायची, लग्नात आहेर घ्यायला बोलावल्यासारखी. ती आली. हाक तीच राहिली, उठणारी बदलली. मला सवयीने अर्धवट उठायला व्हायचं, मग पेन पडल्याचं निमित्त करून खाली वाकायचं. त्या वर्षी माझी बरीच पेनं पडली.

एकदा न राहवून मी तिला विचारलं, "हे शिकलीस कुठे?" आम्ही दोघी खानदेशातून आलेल्या घरांतल्या, त्यामुळे एकटं असलो की ती अहिराणीवर यायची. "शिकनू कुठे माय, तापमां पडेल व्हतू," म्हणाली. मग सांगितलं. तिचे वडील पलसाण्याला छपाईच्या मिलमध्ये. बिघडलेल्या छपाईचं कापड घरी यायचं आणि आई ते एकुलत्या एका खोलीत आडपडदा म्हणून लावायची. त्यावर एकसारख्या फुलांच्या बुट्ट्या. तापात पडून त्यांच्याकडे बघता बघता तिची नजर सैल पडली. शेजारशेजारच्या दोन बुट्ट्या एकमेकींवर सरकल्या, सगळी फुलं कापड सोडून मागे गेली, मोठी झाली, लांब जाऊन थांबली. "आमच्या एका खोलीत मला दुसरी खोली सापडली," ती म्हणाली. "नजर सैल सोडायची, बस्स. तू फार धरून ठेवतेस गं."

असलं कापड आमच्याही घरी ढिगाने असायचं. मला त्यात फक्त छपाई सरकलेली दिसायची. त्या दिवशी घरी जाऊन मी आईच्या साडीसमोर बसले आणि डोळे सैल सोडले. आईने विचारलं, "झोप येतेय का? मग भांडी घासून झोप."

मग लॅबला नवा संगणक आणि स्टिरिओचा, म्हणजे चष्म्यातून चित्र खोल दिसणारा पडदा घेण्याची मंजुरी आली. मला आकाश ठेंगणं झालं. एकदा तो पडदा आला की चष्मा लावून शिपाईसुद्धा खोली बघणार. मग डोळेवालीचं कौतुक कशाला उरतंय? मी खुशीत होते तोच सर म्हणाले, "पसंदगी तमे करजो, बेन." आणि बघत होते तिच्याकडे! ज्या बाईला चष्मा लागतच नाही, तिने चष्मा निवडायचा!

तिची निवडायची तऱ्हा वेगळीच. ती म्हणायची, "यंत्र दुकानात बघू नये, आपल्या टेबलावर बघावं." दुकानदार महागडं, गेमवालं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारत होता. "मॅडम, आमां तो गेम मख्खन जेवी चालशे!" ही शांतपणे म्हणाली, "गेम आपणे रमवी नथी, भाई, खेळायचंच नाही. डावं चित्र वेगळं, उजवं वेगळं असं दोन्ही सांभाळणारं कार्ड आमच्या प्रोग्रामला लागतं. ते दाखवा." शेवटी तिने दोन पडदे चाचणीला लॅबमध्येच आणवले. ट्यूबलाइट चालू, पंखा चालू, खिडकी उघडी. रोज बसतो तसंच.

पहिल्याचा चष्मा जाडजूड, बॅटरीवाला. त्याची एकेक काच आळीपाळीने, कळणार नाही इतक्या झपाट्याने मिटायची. मला तो फार आवडला, कारण तो घातल्यावर माणूस संशोधक दिसायचा. पण त्यातून आमची ट्यूबलाइट अशी फडफडायची की थोड्या वेळात माझं कपाळ ठणकू लागलं. मी बाथरूममध्ये जाऊन गुपचूप गोळी घेतली आणि हसत बाहेर आले. "वा! हाच घेऊ या."

दुसऱ्याचा चष्मा हलका, प्लास्टिकचा, जत्रेतल्यासारखा. त्या पडद्यावर एक ओळ डाव्या डोळ्याची, एक उजव्याची. फडफड नाही, फक्त डोकं बरोबर उंचीवर हवं, जरा वरखाली झालं की एकाचे दोन. डोळेवालीने प्रत्येकाला त्याच्यासमोर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "कोणतं पुढे, कोणतं मागे?" माझी पाळी आली. सर पाठीशी उभे. मी चष्मा चढवला आणि तोंड भरून म्हटलं, "अहाहा! लाल साखळी काय उठून आलीय! हात लावावासा वाटतोय!"

तिचा हात कीबोर्डवर गेला. एक बटण दाबल्याचा आवाज झाला आणि लाल साखळी खरोखर पुढे आली. तोवर स्टिरिओ बंद होता. ती प्रत्येकाला एकदा बंद ठेवून विचारायची, कारण माणसं लाजेखातर 'दिसतं' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. माझे कान तापले. आता ही सरांना सांगणार, आणि त्या हाकेवर मी पुन्हा कधीच उठणार नाही. ती सरांकडे वळली. "हाच घेऊ, सर. आम्हा दोघींना सोयीचा आहे."

बस्स, एवढंच. पुढे कधी विषय नाही, टोमणा नाही. तिने मला वाचवलं याचा मला जास्तच राग आला. म्हणजे नजर हिचीच चांगली आणि मनही हिचंच मोठं! मग मी राग खुर्चीवर काढला. ती उंच, मी बुटकी, पडदा उंचीचा हट्टी. ती उठली की मी खुर्ची वर करायची, मी उठले की ती खाली. मी मुद्दाम तळापर्यंत खाली करून ठेवायची. ती धपकन बसायची आणि म्हणायची, "येऊन गेली वाटतं बाईसाहेबांची स्वारी."

आता तसले पडदे कोणी घेत नाही. पोरं साध्या पडद्यावर माउसने रेणू गरागरा फिरवतात, त्यांना तेवढ्यात कळतं. आमचा पडदा अडगळीत गेला, आम्ही दोघी निवृत्त झालो, ती भावाकडे धुळ्याला गेली. नंतर कळलं, काचबिंदूने तिचा डावा डोळा गेला. फोनवर हसत सांगत होती, "चहा कपाच्या बाहेर ओतते गं. सगळं जग शोधनिबंधात छापल्यासारखं झालंय." एका डोळ्याला कसली आलीय खोली?

परवा सुनेने पर्वत पाटियाच्या बाजारातून पडद्याचं कापड आणलं, एकसारख्या पिवळ्या बुट्ट्यांचं. दुपारी मी त्याच्यासमोर बसले होते, मनात दुसरं काही नव्हतं, डोळेवालीच होती. आणि बुट्ट्या सरकल्या. एकीवर एक बसली, अन् सगळी फुलं कापड सोडून मागे, पार भिंतीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी श्वाससुद्धा घेईना. मान न हलवता हातानेच फोन चाचपला आणि नातीला हाक मारून धुळ्याचा नंबर लावायला लावला.

"मला दिसलं गं," मी म्हटलं. "चष्म्याशिवाय."

पलीकडून तोच जुना आवाज. "कोणतं पुढे, कोणतं मागे?"

मी सांगत गेले. फुलं मागे, मोठी. मध्ये एक सुरकुती आहे ती पुढे, टेकडीसारखी. ती "हं, हं" करत ऐकत होती. मग म्हणाली, "हेवा वाटला हं मला तुझा."

हे एक वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी नोकरीची सगळी वर्षं घालवली होती. ते ऐकलं आणि माझे डोळे भरून आले, नजर फिसकटली, फुलं टपकन येऊन कापडाला चिकटली.

"आता?" तिने विचारलं. "आहेत अजून?"

"आहेत ना!" मी म्हटलं. "अहाहा, काय उठून दिसतायत!"

तिने नुसतं "हं" केलं. तिला कळलं असणारच.