अमळनेर येईपर्यंत

सुमनअक्का दुपारी व्हरांड्यात बसून गावांची नावे पुटपुटत. "सोनगीर... नरडाणा... बेटावद..." जळगावात मेहरूणमधल्या, त्यांच्या शेजारच्या घरात मी नुकतीच राहायला आले होते आणि त्यांनी पाठवलेल्या शेवभाजीचा डबा परत करण्यासाठी कुंपणापाशी उभी होते. जप चालू असावा असे समजून मी थांबले. तेवढ्यात हातातल्या मोबाइलवर अंगठा आपटत अक्का ओरडल्या, "अमळनेर यायचंय अजून! आता कुठं पळशील?" मग मान वर करून त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला. "रिकामाच आणलास? शिकलेली माणसं अशीच."

शिकलेल्या त्याही होत्या. धुळ्याच्या न्यायालयात त्यांनी उभी हयात वकिली केली होती आणि सत्तरीनंतर जळगावला येऊन त्या एकट्या राहत होत्या. मी महाविद्यालयात संस्कृत शिकवते. विभागाच्या सभेत माझे म्हणणे मनात तयार असते. ते मांडण्याचा धीर होईपर्यंत चहा आलेला असतो. अक्कांनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखले. "प्राध्यापिकाबाई, बोलत नाहीस तर निदान मार तरी," असे म्हणून त्यांनी तो खेळ माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला. पन्नाशीत मी प्रथमच ऑनलाइन लढाईच्या मैदानात उतरले.

खेळ सांगायला सोपा. मैदानात दोघेच योद्धे. साधा वार केव्हाही करता येतो. त्याखेरीज चार कळा असतात. झेप घेऊन निसटता येते, ढाल धरता येते, समोरच्याला बेडी घालून क्षणभर खिळवता येते, आणि चौथी कळ म्हणजे सर्वांत मोठा प्रहार. कळ एकदा वापरली की ती विझते आणि काही काळाने पुन्हा पेटते. मुले त्या काळाला कूलडाऊन म्हणतात. अक्का म्हणत, "ढाल दम खातेय."

पहिल्या सामन्यात मी काहीही न वापरता मेले. कोणती कळ केव्हा दाबावी याचा विचार पूर्ण झाला नव्हता. अक्कांनी माझा पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाई गं, चारही दिवे पेटलेले आणि तू मेलेली! हे सामान कुणासाठी राखलं होतंस?" त्या बोलण्याने ओशाळून मी पुढच्या सामन्यात चारही कळा एका दमात दाबल्या. "आता बघ," अक्का म्हणाल्या, "कागद संपलेल्या वकिलासारखी भर कोर्टात उभी आहेस."

मग त्यांनी मला शिकवायला घेतले. आपली कळ केव्हा पेटणार हे पडद्यावर दिसते, समोरच्याची दिसत नाही. ती मनात मोजावी लागते, आणि खरा खेळ तोच. "उलटतपासणीत आधी साक्षीदाराला बोलू द्यायचं. त्याचं ठेवणीतलं उत्तर खर्च झालं की मग आपला प्रश्न. साध्या वारानं त्याला घाबरव, ढाल काढायला लाव. ढाल गेली की झेप घ्यायला लाव. दोन्ही दम खात असतील तेव्हा बेडी." हे सारे मोजायला त्या गावांची नावे घेत. लहानपणी सोनगीरहून अमळनेरला मामाकडे जाताना 'आलं का, आलं का' असे विचारायला आईने बंदी केली होती. त्याऐवजी दोघा भावंडांनी वाटेवरच्या गावांची नावे सावकाश म्हणत राहायचे. समोरच्याची ढाल गेली की अक्का सोनगीरहून निघत. अमळनेर येईपर्यंत ती ढाल परत येत नसे.

ही दोन भावंडे म्हणजे अक्का आणि त्यांचा धाकटा भाऊ बापू. बापूंचे सोनगीरला तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते हाच खेळ खेळत, आणि अक्कांचा रोजचा प्रतिस्पर्धी म्हणजे तेच, हे मला फार उशिरा कळले.

"आई माझ्याकडे असताना आजारी पडली तेव्हा त्याच्या रेवतीचं लग्न तोंडावर होतं," अक्कांनी एकदा सांगितले. "मी ठरवलं, लग्न होऊ दे, मग कळवू. आई तोवर थांबेल असं मीच धरून चालले. ती थांबली नाही."

"तेव्हापासून बापू बोलत नाहीत?"

"बोलत नाही. खेळतो."

पुढे रेवतीनेच आत्याच्या मोबाइलमध्ये हा खेळ घालून दिला होता. अक्कांनी आव्हान पाठवले, बापूंनी स्वीकारले. समोरच्याला चार शब्द लिहिता यावेत म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ती या दोघांची कायम कोरी होती. मी कारण विचारले तेव्हा अक्का म्हणाल्या, "वेळ आली की लिहीन."

गेल्या हिवाळ्यात अक्कांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, शब्द एकेक करून येऊ लागले. रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "तू... खेळ. बापूला... कळायला नको."

"पण अक्का—"

"रेवती... बाळंतपणाला आलीय. सुटू दे... मोकळी होऊ दे. मग... कळवू."

त्यांच्याच तोंडून ऐकलेला निर्णय मी पुन्हा त्यांच्याच तोंडून ऐकला. तरी मोबाइल उचलला. खेळू लागले.

पहिल्या दोन्ही दुपारी हरले. तिसऱ्या दुपारी बापूंचा योद्धा मैदानाच्या मध्यभागी येऊन थांबला. मारीना, पळेना. गोंधळून मी सगळ्या कळा दाबल्या. त्याने ढालही न धरता सारे सोसले. मग कोरी चौकट उजळली. "हाऊ हात आक्काना नही. कोन शे तू?"

मी ते अक्कांना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. "बंद... कर."

आयुष्यात वडीलधाऱ्यांना मी उलट उत्तर दिलेले नाही. त्या दिवशी मात्र चहा येण्याआधीच बोलले. "अक्का, तुमचा चौथा दिवा कधीपासून पेटलेला आहे. हे सामान कुणासाठी राखलंय?"

 अक्कांनी डावा हात पुढे केला. सवय नसलेल्या अंगठ्याने अक्षरे शोधत एकच शब्द लिहिला. "ये."

उत्तर आले नाही. प्रतिस्पर्धी सामना सोडून गेल्याची सूचना तेवढी पडद्यावर झळकली, आणि आम्हाला विजयी ठरवण्यात आले. अक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

दिवेलागणीला दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. हातात पिशवी नव्हती, पायांत दुकानातल्याच चपला होत्या. "आक्का," ते म्हणाले, "परत तूच ठराई टाकं?"

"मनं... चुकनं," अक्का म्हणाल्या.

बापूंनी तो निर्जीव उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.  मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "आनि हाई कोन बसाडी व्हती? एकाच दमात बठ्ठं फेकी देस!" अक्का अर्ध्या ओठांनी हसल्या. मला आठवते त्याप्रमाणे आजारपणानंतरचे ते पहिलेच हसू.

रेवतीला मुलगी झाल्याचे अक्कांनी ऐकले, तिला मांडीवरही घेतले. बापू दुकान मुलावर सोपवून इथेच राहिले होते. उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी अक्कांच्या दोन श्वासांमधले अंतर वाढू लागले. बापू तो हात धरून बसले होते. एका श्वासानंतर ते हलकेच पुटपुटू लागले, "सोनगीर... नरडाणा... बेटावद..." त्यांच्या ओठांकडे पाहत मी पुढच्या श्वासाची वाट पाहिली. तो आला नाही. बापूंनी अक्कांच्या कपाळावर हात ठेवला. "अमळनेर उनं, आक्का. उतर."

आता दुपारी सोनगीरहून आव्हान मला येते. मी बहुधा हरते. काल हरल्यावर चौकटीत बापूंचे अक्षर उमटले. "आज एकच दिवा शिल्लक ऱ्हायना, ताई. बरं शे."