हाय का न्हाई?

घाबरट माणसाजवळ किस्से फार साठतात. धीट माणसाचं काय, काम झालं की तो विसरून मोकळा. आमच्यासारखे कुकरच्या शिट्टीलाही दचकतात, दचकलं की आजूबाजूचे हसतात, आणि हसले की झाला किस्सा तयार! मी भारताच्या मुलींच्या युवा व्हॉलीबॉल टीममध्ये खेळले आहे. "परदेशात कसं वाटलं गं?" असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच : भीती वाटली. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. म्हणून हे सगळं.

*

आधी परळीचं सांगते. मी बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडची, शिकायला परळीत. तिथल्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या की तासाभरात त्यांच्यावर वीजकेंद्राच्या राखेचा थर. रेघ कुठंय ते आम्हालाही दिसायचं नाही आणि पंचालाही नाही!

आमच्या फड सरांनी त्यावर उपाय काढला होता. "रेघ दिसंना तर मागची पोरगीच रेघ! बॉल आत पडनार असंल तर वरडायचं 'हाय'. भाईर चाललाय, तर 'न्हाई'. तिसरा शब्द तोंडातून काढायचा न्हाई!"

मागची पोरगी म्हणजे मी. लिबेरो. वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागे खेळायचं, समोरून येणारा बॉल उचलायचा. घाबरट मुलीला यापेक्षा वाईट जागा नाही. समोरचीने मारलेला प्रत्येक स्मॅश आपल्याच तोंडावर येतोय असं वाटतं!

पहिल्याच दिवशी सरांनी कानाजवळ शिट्टी फुंकली आणि मी किंचाळले, "आय गं!"

सर शांतपणे म्हणाले, "आय घरी हाय. बॉल हितं हाय. उचल!"

*

निवड झाली आणि मी राष्ट्रीय कॅम्पला गेले. रूममेट केरळची जिन्सी, हसरी, ताडासारखी उंच. कॅप्टन हरियाणाची मोनू, अजिबात न हसणारी.

पहिली प्रॅक्टिस मॅच. बॉल जिन्सी आणि माझ्या मधे येत होता, अगदी आत. मी जीव खाऊन ओरडले, "हाय!"

जिन्सीने वळून माझ्याकडे बघितलं, गोड हसली, हात हलवला आणि म्हणाली, "हाय!"

बॉल आमच्या दोघींच्या मधे पडला.

पुढचा बॉल मोनूकडे. मी पुन्हा "हाय!" मोनू बॉल सोडून माझ्याकडे धावत आली. "क्या हुआ? कहाँ लगी?"

त्या दिवशी मी फक्त दोन हायमध्ये दोन पॉइंट घालवले. फड सरांचा शब्द जिभेवर इतका बसला होता, की दुसरा येईचना. मैदानावर तोंड उघडलं की बीड जिल्हा बाहेर!

*

कॅम्पच्या हॉलमध्ये भिंतीवर जुन्या युवा टीमचे फोटो होते. निळे ब्लेझर, रांगेत उभ्या मुली, सगळ्या हसऱ्या. मला एवढ्या आनंदी मुली बघून जरा धीर आला. मी कोच मॅडमना म्हणाले, "मॅडम, सब कितने खुश हैं!"

मॅडम म्हणाल्या, "ये सब जाने से पहले के फोटो हैं. लौटने के बाद का एक भी नहीं है."

म्हणजे इतिहास एवढाच. जायचं, पहिल्या फेरीत हरायचं, आणि फोटो न काढता घरी यायचं. जेवायला जाताना त्या भिंतीसमोरून मी मान खाली घालून पळायचे.

मग मॅडमनी मला एकटीला थांबवलं. "तुम्हारी नजर अच्छी है. लाइन तुमसे अच्छी किसी को नहीं दिखती. पर तुम्हारी आवाज पर टीम को भरोसा नहीं हुआ, तो मैं दूसरी लिबेरो खिलाऊँगी."

मी "येस मॅडम" म्हणाले. तेही त्यांना ऐकू गेलं नाही!

*

स्पर्धेला जातानाच्या विमानाचं फार सांगत नाही. ढगात विमान एकदम खाली घसरलं आणि मी शेजारच्या मोनूचा हात धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर मोनूने मनगटावरचे माझ्या नखांचे चार वण बघितले.

"सुन, ये मेरा स्मॅश मारने वाला हाथ है. वापसी में उधर वाला पकड़ना."

*

पहिली मॅच हरलो. हॉल एवढा मोठा, दिवे एवढे प्रखर, की माझ्या तोंडातून 'हाय' निघेना आणि 'न्हाई'ही निघेना. बॉल पडत राहिले, मी बघत राहिले.

घरी फोन केला. आय धाकट्या भावाच्या मोबाइलवर मॅच बघत होती, गल्लीतल्या बायका गोळा करून. तिला व्हॉलीबॉलमधलं काही कळत नाही. म्हणाली, "हारल्या का जिंकल्या ते धाकट्याला ठावं. पन तुजा आवाज कसा आला न्हाई गं? घसा धरलाय का?"

आता पहिल्या फेरीतली एकच मॅच उरली होती. जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर त्या भिंतीवर आणखी एक हसरा फोटो.

*

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गेले, तर सगळी टीम माझी वाटच बघत होती. जिन्सी एकेका भांड्याचं झाकण उचलत होती.

"इडली?"

सगळ्या पोरी एका सुरात, "न्हाई!"

"सांबार?"

"न्हाई!"

"उबला अंडा?"

"हाय!"

तिथला वाढपी घाबरून दोन पावलं मागे सरला. मोनू माझ्याजवळ आली. पहिल्यांदाच हसत होती. "तेरी भाषा हम सीख गए. अब बोलना तेरा काम."

मला रडू आलं. आणि भीती दुप्पट झाली. आधी कुणाला कळत नव्हतं, तेव्हा चूक त्यांच्यावर ढकलता येत होती!

*

तर ती मॅच. शेवटचा सेट, आणि मॅच पॉइंट त्यांचा. हा एक बॉल गेला की सामान भरायचं. प्रेक्षकांत त्यांची माणसं मोठे ढोल घेऊन बसलेली, अगदी माझ्या पाठीमागे.

त्यांच्या सगळ्यात उंच मुलीने स्मॅश मारला. बॉल मागच्या कोपऱ्याकडे निघाला. तिथे मोनू होती, पण तिची नजर बॉलवर, रेघेवर माझी. तिने रेघेकडे न बघता माझ्याच आवाजाची वाट बघितली.

मला स्वच्छ दिसलं. बॉल बाहेर चाललाय. न्हाई म्हणायला मी तोंड उघडलं आणि कानाशी ढोल वाजला. धाड्!

मी ओरडले.

मोनू आडवी झेपावली. बॉल तिच्या मनगटावरून उंच गेला, जाळीच्या वरच्या कडेला शिवला आणि त्यांच्या कोर्टात टपकन पडला. त्यांच्या पोरी हात वर करून नाचायला लागल्या होत्या! पुढचे दोन पॉइंट कसे आले ते मला माहीत नाही, माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा जिन्सीने मला उचलून घेतलं होतं.

नंतर मॅडमनी लॅपटॉपवर तो बॉल पुन्हा पुन्हा लावला. मोनूने उचलला नसता, तर थेट रेघेवर पडला असता. आत!

"हम सबको बाहर लगा," मॅडम म्हणाल्या. "तुमने कैसे देखा?"

"ढोल में भी इसकी 'हाय' सुनाई दी!" मोनू सगळ्यांना सांगत सुटली. मग सगळ्यांनी मिळून फोटो काढला, जिंकल्यानंतरचा. मी मधे आहे, तोंड उघडं.

तेवढ्यात घरून फोन आला. मागे गल्लीतल्या बायकांचा गलका, आणि आय धापा टाकत बोलत होती.

"अगं, आमी समद्यांनी ऐकलं! कशापायी हाक मारलीस गं मला? मी हितून 'ओ' दिली बग. आली का ऐकू?"