टपावरची शिट्टी

पडघान सर गाडी चालवताना मध्येच मान खिडकीबाहेर काढायचे आणि टपाकडे कान द्यायचे. समोरून येणाऱ्याला वाटायचं, यांना गाडी लागली. मागच्या सीटवरून चिंचोले मॅडम म्हणायच्या, "सर, रस्ता पुढं आहे. वर जायची आपल्याला एवढी घाई नाही." सर डोकं आत घेत आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या गंभीरपणानं सांगत, "आज सूर जरा चढला."

सूर होता टपावरच्या लोखंडी कॅरिअरचा. गाडीनं वेग घेतला की ते शिट्टी मारू लागे, आणि शिट्टीच्या खालून एक घुमणारा आवाज निघे. बुलढाण्याहून निघालो की धाड गाव येईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. सर मुख्याध्यापक, मॅडम सहशिक्षिका आणि मी नवा शिक्षणसेवक. धाडच्या पुढं आत वळलं की आमच्या शाळेचं गाव. नाव सांगत नाही, कारण शाळा अजून आहे आणि तिथं रोज ये-जा करणारे गुरुजीही अजून आहेत.

माझ्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पदवी मिळाली म्हणजे शिकवता येतं, अशी माझी समजूत होती. सरांनी पहिल्याच दिवशी मला चौथीच्या वर्गात मुलांमध्ये मांडी घालून बसवलं आणि आठवडाभर तिथंच ठेवलं. वर्गात ते पुस्तकातलं मराठी बोलत, गाडीत मात्र घरचं. "पयले पाहून घे सोनोने, पोरं कायच्यानं कंटाळतात. मंग बोल." मी आज जो काही मास्तर आहे, तो त्या बसकरपट्टीवर झालो.

आता नियमाचं सांगतो. शिक्षकानं शाळेच्याच गावी राहायचं, असा सरकारचा नियम आहे. आम्ही तिघंही त्या गावी राहत होतो, म्हणजे तसं लिहून देत होतो. तालुक्यातले बहुतेक शिक्षक तसं लिहून देत. एखादी गोष्ट सगळ्यांनी मिळून लिहिली की ती खोटी वाटत नाही, फक्त जुनी वाटते.

गाव याविषयी कधीच तक्रार करत नसे, आणि त्याचं कारण टपावर होतं. संध्याकाळी शाळा सुटायच्या आधीच गाडीजवळ सामान जमलेलं असे. कोणाची जळालेली पाण्याची मोटर, कोणाचं ज्वारीचं पोतं, बुलढाण्यात शिकणाऱ्या पोरांचे डबे. पुंजाजी तायडे म्हणून एक शेतकरी शाळेच्या शेजारी राहायचे. त्यांची मोटर वर्षातून इतक्या वेळा जळे की मॅडमना शंका होती, ती विहिरीपेक्षा आमच्या गाडीवरच जास्त राहते. पण त्याच पुंजाजींची आई आजारी पडली तेव्हा खाट टपावर आणि म्हातारी आत, अशी सरांनी ती दवाखान्यात नेली आणि स्वतः रात्रभर बाकड्यावर बसले.

मी एकदा सुचवलं, "सर, कॅरिअरच काढून टाकू. आवाज बंद."

"काढलं तं गाव बोंबलन. ठेवलं तं हे बोंबलते," सर म्हणाले. "सांग, कोनतं परवडन?"

हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच चालला असता. पण तालुक्याला नवे विस्तार अधिकारी आले आणि त्यांनी ये-जा करणारे शिक्षक पकडायचा चंग बांधला. ते मोटरसायकलवरून सकाळीच एखाद्या शाळेत जाऊन बसत आणि गुरुजी कुठून उगवतात ते पाहत. सरांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. त्यांच्या सेवापुस्तिकेत एकही नोटीस नव्हती, आणि ती कोरी पानं हाच त्यांचा जन्माचा एकमेव गर्व होता. घर बांधताना, गाडी घेताना कधी मिरवले नाहीत, पण सेवापुस्तिकेचा विषय निघाला की सर ताठ बसत.

अडचण अशी की गावाच्या अलीकडे उतार होता. त्या उतारावर आमची शिट्टी सुरू झाली की साऱ्या गावाला ऐकू जाई. "साहेब शाळेत बसलेला असन आन् वरून हे वाजलं, तं आपन गावात राहतो हे कोन्या तोंडानं सांगावं?" सर म्हणाले. तेव्हा बेत ठरला. कॅरिअर मुकं करायचं, गाडी पुंजाजींच्या गोठ्यात लावायची आणि घरून निघाल्यासारखं गल्लीतून चालत शाळेत जायचं.

सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी पेनाचं टोपण ओठाला लावून फुंकलं आणि आम्हाला दाखवलं की शिट्टी कुठून येते. कॅरिअरच्या नळ्यांची तोंडं उघडी होती. जुन्या स्लिपरचे तुकडे कापून त्यांनी ती गच्च बुजवली. शिट्टी गेली, घुमणं राहिलं. मी मोबाईलवर शोधून सांगितलं की आडव्या दांड्यांना दोरी गुंडाळतात. पुंजाजींनी बैलाचा कासरा दिला. सरांनी तो वेढ्याला वेढा लावून इतका नीटनेटका गुंडाळला की दांडा आणखी जाड झाला आणि गाडी रेड्यासारखी रेकू लागली. मग त्यांनी पुन्हा सोडला आणि झाडाला वेल चढते तसा, मध्ये जागा ठेवत, तिरका गुंडाळला. रविवारी आम्ही धाडपर्यंत चक्कर मारली. गाडीत पहिल्यांदाच मला मॅडमच्या बांगड्या ऐकू आल्या.

"वाऱ्याले एका सुरात बसूच द्याचं नाई," सर खुशीत म्हणाले. "जागोजागी येगळा अडवाचा. मंग तो गोंधळते."

"म्हणजे आपल्या खात्याचीच पद्धत," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी आम्ही मांजरीच्या पावलानं उतार उतरलो. गाडी गोठ्यात गेली. मॅडमनी घरगुती दिसावं म्हणून हातात कोथिंबिरीची जुडी घेतली. गल्लीतून चालत शाळेच्या फाटकात शिरलो, तर लिंबाखाली खुर्ची टाकून साहेब बसलेले. सरांनी हात जोडले. "नमस्कार साहेब, आज इकडं?" साहेबांनी घड्याळ पाहिलं, कोथिंबीर पाहिली आणि मान डोलावली. आयुष्यातला सगळा आनंद सरांच्या त्या एका श्वासात मावला असावा.

मग सर स्वतः घंटेकडे गेले आणि टोले दिले. कोणी आलं नाही. पुन्हा दिले. एक शेळी आली आणि गेली. वर्ग रिकामे, मैदान रिकामं, आणि वेळेवर हजर असलेले आम्ही तीन शिक्षक.

"मुलं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात पुंजाजींची चौथीतली नात कळशी घेऊन फाटकावरून चालली होती. ती आम्हाला पाहून थबकली. "सर, तुमी कवा आले? गाडी तं वाजलीच नाई!"

"आणि ही घंटा वाजली ती?" साहेब म्हणाले.

"घंटा तं खिचडीवाली मावशी रोजच वाजवते," पोरगी समजुतीनं म्हणाली. "गाडी वाजली का मंग शाळा भरते."

नोटीस दुसऱ्याच दिवशी आली. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे नवख्या माणसासारखं पाहत राहिले. तालुक्यात खुलाशाचे तयार नमुने फिरत असत. मॅडमनी मोबाईल पुढं केला. "लग्न, पाऊस आणि अंत्यविधी, सर. अंत्यविधीला कोणी उलट विचारत नाही."

"कोनाले मारू, मॅडम?" सर म्हणाले. "अन् पोरगी त्यायच्या समोर बोलली. तिले खोटी ठरवू का आता? वर्गात कोन्या तोंडानं उभा राहू?"

त्यांनी स्वतःच लिहिलं. मी बुलढाण्याहून रोज ये-जा करतो. मुलं गाडीच्या आवाजावर शाळेत येतात. तो आवाज मी मुद्दाम बंद केला. चूक माझी आहे. आमची दोघांची नावं त्यात कुठंही नव्हती.

कागद वर गेला आणि तिथं गोंधळ उडाला. असा खुलासा कोणी दिलेलाच नव्हता. तो खरा मानला तर बाकीच्या सगळ्या शाळांना विचारणं आलं, आणि खोटा मानायला पुरावा नव्हता. अखेर तो शेरा मारून परत आला: खुलासा समाधानकारक, प्रकरण बंद.

मॅडम पेढे आणायला निघाल्या. सरांनी त्यांना थांबवलं. "जन्मात एकडाव खरं लिहिलं, अन् त्यायनं ते वाचलंच नाई," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडी बुलढाण्याला घरी लावली, पुंजाजींची पडवीतली खोली घेतली आणि गावात राहायला आले. आम्ही दोघं बसनं आणि जीपनं येऊ लागलो. सकाळी सर घंटा देत आणि लगेच गल्लीगल्लीतून फिरत, दारादारात उभे राहून पोरांना हाक मारत. सुरुवातीला लोक दार लावून घ्यायचे. महिन्याभरानं नुसत्या घंटेवर पोरं यायला लागली.

गाव मात्र नाराज झालं. पारावर बैठक बसली. पुंजाजी चार माणसं घेऊन शाळेत आले. "सर, तुमी गावात काऊन राहून राह्यले? आमच्या मोटरी कोन नेईन? पोरायचे डबे कोन नेईन?"

"नियम हाये, पुंजाजी."

"इतके दिवस नव्हता का नियम?"

गावानं साहेबांकडे अर्ज केला की मुख्याध्यापक गावात राहत असल्यामुळे ग्रामस्थांची गैरसोय होत आहे. माझ्या माहितीत अशी तक्रार त्या टेबलावर पहिलीच. सर हलले नाहीत. वर्षभर पडवीत राहिले, डासांना शिव्या दिल्या, रविवारी जीपनं घरी जाऊन धुतलेले कपडे आणले.

निवृत्तीच्या दिवशी शाळेत सत्कार झाला. मी लिहून आणलेलं भाषण वाचलं. मॅडम रडल्या. मग गावाच्या वतीनं पुंजाजी उठले. टोपी काढली, पुन्हा घातली, सरांकडे पाहिलं.

"पडघान सर लय चांगला मानूस," ते म्हणाले. "आमच्या मायले दवाखान्यात नेलं, हे मी मरेपर्यंत इसरनार नाई. पन खरं बोलाव लागते. शेवटल्या वर्षी सर जरा बिघडले."

सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, आणि सरांच्या टाळ्या त्यात सगळ्यांत जास्त वेळ वाजत राहिल्या.