भिंतीवरचा रविवार

नागपूरच्या विमानतळात प्रवाशाशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, म्हणून आमचा निरोप काचेच्या दाराबाहेरच झाला. बाबा वीजमंडळात लाइनमन. त्या सकाळी कुठला तरी फीडर बंद पडला होता, तर ते ड्युटीवरून थेट आले होते, खाकी शर्टातच, पकड मागच्या खिशात तशीच. दारावरचा जवान त्या पकडीकडे संशयाने बघायला लागला तेव्हा बाबांनी त्याला समजावलं, "मी नाही जाऊन राहिलो बावा, पोरगी जाऊन राहिली." आई खळखळून हसली आणि हसता हसताच रडायला लागली.

"जेवत जाजो," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "चित्रं काढजो. त्याच्यासाठीच चालली ना तू?"

मँचेस्टरला इलस्ट्रेशनचं मास्टर्स करताना मी चित्रं काढली, खूप काढली. पण माझ्या प्रत्येक चित्रावर एकच शेरा यायचा: फार गर्दी आहे, रंग फार बोलतात. शेरा देणारी माणसं सभ्य होती, हसून सांगायची. मी एकेक माणूस खोडायला लागले. आधी मागचे गेले, मग कडेचे. शेवटी माझ्या चित्रात एक मुलगी, एक झाड आणि पुष्कळ पांढरा कागद उरला. कोर्सनंतर ती चित्रं घेऊन मी पब्लिशर्सना ईमेल करत राहिले, तर तिकडून उत्तर यायचं की छान आहे, पण यात तुमचं असं काही दिसत नाही. हे वाचून हसावं की काय करावं कळेना. ट्रॅमच्या खिडकीशी बसून स्केच करायची सवय होती, ती कधी सुटली तेही आठवत नाही.

मग नोकरी लागली ती फिनलंडच्या कला-संस्कृतीचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. ऑफिस लंडनला. फिनलंडचे चित्रकार आणि डिझायनर इकडे आणायचे, इकडच्या शाळा, लायब्ऱ्या, गॅलऱ्यांशी त्यांची गाठ घालून द्यायची, हे संस्थेचं काम. माझं काम त्याच्या खालचं: हॉटेलं बुक करणं, क्रेट कस्टम्समधून सोडवणं, कुणाला ग्लूटेन चालत नाही ते लक्षात ठेवणं. फिनलंड नकाशावर नक्की कुठे आहे हे मला इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी कळलं होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू इंग्लंडमध्ये राहून फिनलंडची नोकरी करून राहिली. अन् चित्रं?" मी म्हटलं, चित्रकारांबरोबरच आहे ना बाबा. त्यांनी फोन आईकडे दिला.

कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या वर्षी लेस्टरचा प्रोजेक्ट आला. बेलग्रेव्ह रोडजवळच्या, गुजराती वस्तीतल्या एका लायब्ररीतली मुलांची खोली नव्याने सजवायची होती. युस्सी नावाचा उंच, लाजरा डिझायनर बर्चच्या प्लायवूडची बाकं आणि शेल्फं करणार होता आणि किर्स्ती सगळी लांब भिंत रंगवणार होती. किर्स्ती साठीची, फिनलंडच्या मध्यावर तळ्याकाठी क्वोपियो नावाचं गाव आहे, तिथली. मुलांच्या पुस्तकांमधलं तिकडचं मोठं नाव. विषय ठरला होता 'घरातला रविवार'. भिंतीच्या डावीकडे तिचा तळ्याकाठचा रविवार, मधे लेस्टरचा, आणि उजवीकडे आसपासच्या घरांनी सांगितलेला, दूरच्या देशातला. मला हिंदी येते, गुजराती कळते, म्हणून मला सहा महिने लेस्टरला पाठवलं. तिथे मी शोभामावशींकडे भाड्याने राहायला लागले.

शोभामावशी अमरावतीच्या. नर्स म्हणून आल्या, इथल्याच हॉस्पिटलमधून रिटायर झाल्या. काका गेल्यापासून त्या आणि मुलगी तन्वी, दोघीच. तन्वी इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. मराठी हौसेने बोलते आणि लिंगाचे पार धिंडवडे काढते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आईचा आमटी खूप चांगला असतो, तू बघच." मावशी महिन्यातून एका रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला नेत. पांढऱ्या साड्या, जय भीम, मग स्टीलच्या ताटांत जेवण. नागपुरात इंदोऱ्याला आमच्या लाइनीत असायचं तसंच, फक्त बाहेर पार्किंगचा दंड व्हायची भीती.

वंदनेच्या हॉलसाठी मी बुद्धपौर्णिमेचं एक पोस्टर काढून दिलं होतं. नाही म्हणवेना, आणि शेरा मारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे भरपूर माणसं काढली: खिरीच्या पातेल्याभोवती बायका, चपला शोधणारी पोरं, मांडवावर चढलेला एकजण. कार्यक्रमानंतर मावशींनी ते किचनच्या दाराला चिकटवलं.

किर्स्ती जेवायला आली तेव्हा त्या दारापुढे बराच वेळ उभी राहिली. किर्स्तीचं गप्प राहणं एव्हाना मला ओळखीचं झालं होतं. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं ती रागावली आहे. मग कळलं की तिच्याकडे गप्प बसणं म्हणजे सोबत बसणं. तिनं आणलेल्या गोड पावांना वेलचीचा वास येत होता. मावशींनी एक तुकडा मोडून नाकाशी धरला आणि मला म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्यातलीच आहे."

"हे कुणी काढलं?" किर्स्तीनं विचारलं.

"आमच्या पोरीनं," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

किर्स्तीनं माझ्याकडे पाहिलं. "तू मला माझी हॉटेलं बुक करून देतेस," ती म्हणाली. एवढंच. पुढे जेवताना तिखटाने डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती त्या दाराकडेच बघत होती.

ओपनिंगला थोडेच दिवस उरले असताना ती पडली. जन्मभर बर्फावर चाललेली बाई लेस्टरच्या फुटपाथवर, ओल्या पानांवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तर प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून ती बसली होती आणि चक्क हसत होती. "माझ्या गावात हे कुणाला सांगू नकोस," म्हणाली. मग म्हणाली, "उजवीकडची भिंत कोरी आहे. ती तू काढ."

मी नको म्हटलं. फिनलंडहून दुसरं कुणी बोलवू, तारीख पुढे ढकलू. युस्सी हळूच म्हणाला की बाकं तयार आहेत, मुलांना तारीख सांगून झाली आहे. किर्स्ती काहीच म्हणाली नाही, आणि तिच्या गप्प बसण्याशी वाद घालणं मला कधी जमलं नाही.

डावीकडे तिनं काय काढलं होतं! निळंकरडं तळं, लाकडी घर, ओसरीवर कॉफी पिणारे दोघे म्हातारे, त्यांच्यात हातभर अंतर आणि त्या अंतरातही माया. मी तिच्या रेषेचा अभ्यास केला आणि तशीच रेषा ओढत उजवीकडे सरकले. एक गच्ची, एक बाई, एक तुळस. नीटनेटकं, शांत. दोन दिवसांनी किर्स्ती बघायला आली. बाकावर बसून तिनं पूर्ण भिंत डावीकडून उजवीकडे पाहिली.

"अगदी माझ्यासारखं आहे," ती म्हणाली. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "माझ्यासारखं मी काढीन, हात बरा झाला की. त्या दारावरची माणसं कुठे आहेत?"

"त्यात गर्दी फार होती."

"कोण म्हणालं?"

कोण म्हणालं, याचं उत्तर द्यायला गेले तर मला चेहरेच आठवेनात. ज्यांच्यासाठी मी इतकी माणसं खोडली होती, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला सांगता येईना. युस्सीनं न विचारता पांढऱ्या रंगाचा डबा आणून ठेवला. ती शांत गच्ची मी स्वतःच्या हाताने पुसली.

मग आमचा रविवार काढला. कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणारी आई, आणि खालून नळ गेला म्हणून ओरडणारी शेजारीण. स्कूटर धुणारे काका, ज्यांची स्कूटर नेमकी धुतल्यावरच सुरू होत नसे. वंदनेहून परतणाऱ्या बायका, पाठीमागे मटणाची पिशवी लपवणारा एकजण, मावशींच्या आठवणीतल्या, ओट्यावर केसांना तेल लावून घेणाऱ्या तीन बहिणी. लायब्ररीत येणाऱ्या बायकांनी सांगितलेलंही त्यात घातलं: जामनगरच्या आजींचा झोपाळा, कंपालाहून आलेल्या काकांच्या घरातला कच्च्या केळ्यांचा वाफाळता मटोके. खांबावर चढलेले बाबा काढले, कारण त्यांना रविवारी सुट्टी क्वचितच असायची. किर्स्ती रोज येऊन बसायची. एकदाच बोलली, मी ब्रश धुवायला घेतला तेव्हा.

"थांबू नकोस," ती म्हणाली, "अजून माणसं मावतील."

ओपनिंगच्या दिवशी खोली भरून गेली. जामनगरच्या आजी झोपाळ्यापुढे बाक ओढून बसल्या त्या उठल्याच नाहीत. तन्वीनं तेल लावणाऱ्या बहिणी बघितल्या आणि आईला हाक मारली, "आई, बघ, तुझी फोटो!" मावशींनी तिला सुधारलं नाही, त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या. दाराशी युस्सीनं लाकडी पाटी लावली होती. तिच्यावर किर्स्तीचं नाव होतं आणि त्याच आकारात, त्याच ओळीत माझं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्या दोघांना माहीत असणार.

फोटो बाबांना पाठवला. त्यांनी तो मोठा करकरून पाहिला असावा, कारण उत्तर बऱ्याच वेळाने आलं: "खांब बरोबर काढला. वायर ढिली ठेवली. माणसं मस्त."

आता अवघड भाग. कॉन्ट्रॅक्ट संपलं की मी नागपूरला परत यायचं, असं घरी ठरलं होतं. बाबांनी माझ्यासाठी वरची खोली रंगवून ठेवली होती, आईनं पडदे शिवले होते. आणि ओपनिंगनंतर आठवडाभरात संस्थेनं विचारलं, अशी काही कामं अजून करायची आहेत, इथल्या मुलांसाठी, तुझ्या चित्रांसह; राहशील का? किर्स्ती म्हणाली, आपण दोघींनी मिळून एक पुस्तक करू. मी आईला फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तू नाही येत." मी म्हटलं, येईन गं, पण राहायला नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तिनं जाऊन गॅस बंद केला. मग म्हणाली, "खोली तशीच ठेवू. रंग काही सडत नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एक केलं: त्या दिवसापासून माझ्या लेस्टरच्या जागेला ती 'तिकडे' म्हणू लागली. तिकडे थंडी आहे का, तिकडे भाजी मिळते का. घर हा शब्द तिनं इंदोऱ्यासाठी राखून ठेवला. "घरी कधी येतेस?" मी तिकीट काढून जायचे, रंगवलेल्या खोलीत झोपायचे, कूलरच्या आवाजात जाग यायची. चौथ्या दिवशी मात्र मला भिंतीसमोरचं बाक आठवायचं आणि मावशींच्या किचनचं दार. हे मी आईला सांगितलं नाही. तिला कळत असणार. तुमच्यापैकी जे मागे राहिलात त्यांना हे न सांगता कळतं, आणि जे माझ्यासारखे निघालात त्यांना सांगायची गरजच नाही.

पुस्तक झालं, मग दुसरं झालं. मावशींच्याच रस्त्यावर मी स्वतःची छोटी जागा भाड्याने घेतली, दुसरी किल्ली मावशींकडे. गेल्या उन्हाळ्यात किर्स्तीनं मला क्वोपियोला बोलावलं. तिच्या भिंतीवरचं तळं खरंच होतं, तसंच निळंकरडं. आम्ही दोघी ओसरीवर बसलो, हातभर अंतर ठेवून. रात्री अंधारच पडेना. तिचं मनगट थंडीत अजून दुखतं. ती तळ्याकडे बघत म्हणाली की ती पडली नसती तर मी अजून हॉटेलंच बुक करत बसले असते. मी म्हटलं, शक्य आहे. मग पुष्कळ वेळ आम्ही काहीच बोललो नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की आता तिच्याएवढीच मलाही गप्प बसता येतं.

परतताना हेलसिंकीच्या विमानतळावर गेटपाशी बसले होते. आईचा फोन आला.

"कुठं आहेस? काय करून राहिली?"

मी बोर्डाकडे बघत होते, कुठलं गेट, किती उशीर. न ठरवता तोंडातून गेलं, "काही नाही गं, घरी चालले."

म्हटलं आणि दचकले. कुठल्या घरी, असं ती विचारेल म्हणून मी शब्द जुळवायला लागले होते.

"बरं," आई म्हणाली. "घरी पोचलीस की फोन कर. अन् इतके दिवस घर बंद होतं, दूध आहे का घरात?"

"मावशींनी आणून ठेवलं असेल."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "चहा घे अन् झोप."