ऐकू न येणारी सुलेखा

जपानमधल्या सेंदाईच्या हौशी गायकवृंदात सुलेखा गेली, तेव्हा तिच्या गळ्यात पुण्यात बारा वर्षं घासलेला ख्याल होता. नवरा जगदीश विद्यापीठात धातूंवर संशोधन करण्यात गढलेला, लेक शिवानी शाळेत, आणि ही दिवसभर भिंतींशी बोलायची. बाई करणार काय? बसथांब्यावर जाहिरात दिसली, नाताळच्या कार्यक्रमात गायला या म्हणून. गेली.

गायचं ते दरवर्षी एकच. लंडनमध्ये रमलेल्या एका जर्मन संगीतकाराने पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी रचलेलं, येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचं भलंमोठं समूहगान. त्यातला ‘हालेलुया’ जगाला ठाऊक आहे.

पहिल्याच तालमीत तिने एक सूर प्रेमाने दुसऱ्यात ओढत नेला. संचालक आराई-सान हसून म्हणाले, “सुलेखा-सान, किती सुंदर! फक्त शेजारणीचा आवाज ऐका हं.” पुढच्या तालमीत पुन्हा तेच, तितकंच गोड. मग हिला कळलं, इथे आपला आवाज इतरांत मिसळून टाकायचा. मींड गेली, मुरक्या गेल्या, खर्जातला घुमारा गेला. सातव्या वर्षी आराई-सान सगळ्यांसमोर म्हणाले, “आता तुमचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही!” टाळ्या पडल्या. आणि ही वेडी घरी येऊन आनंदाने शिरा करते!

त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत तिने अभंग म्हटला. मंडळातली यामिनी म्हणाली, “छान गं, पण चर्चमध्ये बसल्यासारखं वाटलं.” सगळे हसले. सुलेखाने मनावर घेतलं नाही. तिला डिसेंबरचं गाणं होतं ना.

यंदा एप्रिलमध्ये आराई-सान म्हणाले, हे गान डब्लिनला पहिल्यांदा झालं तेव्हा गाणारे जेमतेम तीस होते. पुढे इंग्रजांनी ते फुगवत फुगवत हजारांवर नेलं, आणि आपले नव्वद हे त्याचंच शेपूट. यंदा मुळासारखं करू. अठ्ठावीस जण. प्रत्येकाने एकेकट्याने गाऊन दाखवायचं.

अकरा वर्षांत सुलेखाची एक तालीम चुकली नव्हती. तिच्या स्वरलिपीची पानं चिकटपट्टीवर तगून होती. ती उभी राहिली आणि सरळ, स्वच्छ गायली. आराई-सानांनी कागदावर एक खूण केली.

“सूर बिनचूक आहेत, सुलेखा-सान. पण इतक्या थोड्या लोकांत प्रत्येक आवाजाला स्वतःचा रंग लागतो. तुमचा... जरा ऐकू येत नाही.”

वा रे वा! आणि तो रंग खरवडला कुणी? पण हिने काय करावं? कमरेत वाकून आभार मानले! इतकी मुरली होती ती तिथे.

घरी येऊन तिने तंबोऱ्याचं ॲप लावलं आणि जुना भूप धरला. ऋषभावरून गांधारावर जायला गळा सरकेना, पायरी चढल्यासारखा टुणकन उडी मारायचा. दहादा केलं, वीसदा केलं. तेलही गेलं, तूपही गेलं. ती ढसाढसा रडली. जगदीश दारात येऊन म्हणाला, “असू दे गं. यंदा आपण ऐकायला जाऊ.” त्याच्या डोक्यात काही फेकून मारावं असं तिला वाटलं.

तरी गेले तिघं. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. अठ्ठावीस जण खरंच सुरेख गायले, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. मग ‘हालेलुया’ आला. पूर्वी कुणी राजा म्हणे इथे उठून उभा राहिला होता, म्हणून अजून सगळे उठतात. इथेही अख्खं सभागृह उठलं. जगदीश उठला, शिवानी उठली.

सुलेखा बसून राहिली.

“आई, ऊठ ना,” शिवानी जपानीत कुजबुजली, “लोक बघताहेत.”

दारापाशी उभी असलेली स्वयंसेविका वाकत वाकत आली आणि बरं वाटत नाहीये का, असं हळूच विचारू लागली. पुढच्या रांगेतली चार डोकी वळली. मंचावरच्या जुन्या शेजारणीनेही गाता गाता तिच्याकडे पाहिलं.

“बघू देत,” सुलेखा मराठीत म्हणाली. अकरा वर्षं गात होती, तेव्हा कुणी वळून पाहिलं नव्हतं.