आबांची चकमक

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी चारचौघांत सांगतो आणि सांगताना लाजत नाही. पण ज्या वर्षी झालो, त्या वर्षाची गोष्ट निघाली की पदवीच्या आधी मला मढ गावाच्या वरचा माळ आठवतो.

दिवाळी होऊन डोंगरावरचं गवत पिकलं, की डिंगोऱ्यातली आमची भावकी गुरं घेऊन तिकडं मुक्कामाला जायची. झाडांखाली पालं टाकायची, रानातच शिजवायचं, रानातच निजायचं. मुक्कामाची पहिली चूल चकमकीनंच पेटवायची, आणि तीही ज्याच्या शब्दावर गुरं हलतात त्या माणसानं, अशी रीत होती. त्या चुलीतले निखारे मग बाकीचे आपापल्या पालाकडं न्यायचे. काड्याची पेटी प्रत्येकाच्या खिशात असे, पण त्या दिवशी ती कोणी बाहेर काढत नसे.

चूल पेटवायचे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. डाव्या हातात गारगोटी, तिच्या कडेला अंगठ्यानं दाबलेला जळका कापूस, आणि उजव्या हातातलं पोलाद तिच्यावरून एकदाच फिरायचं. ठिणगी कापसात बसली की ते वाळल्या गवतात धरून फुंकर घालत, आणि धूर दिसेपर्यंत कोणाशी बोलत नसत.

त्या वर्षी चढ चढताना आबांचा हात सगळी वाट पुढच्या बैलाच्या पाठीवर होता. मला वाटलं, जनावराची माया.

पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. लाकडं रचली. चुलते गोवऱ्या घेऊन भोवती बसले. आबांनी कमरेची चंची सोडली, आतली चकमक काढून झाडली. कापसानं धरलं नाही. परत झाडली, परत तेच. थोरले चुलते म्हणाले, "कारभारी, पोरगं बी.ए. झालं म्हणून हात नाजूक झाला व्हय?" सगळे हसले. आबाही हसले. उन्हात ठिणगी दिसत नाही, दिवस जाऊ द्या, म्हणाले.

दिवस डोंगराआड गेला. गार वारा सुटला, गुरं एकमेकांना खेटून उभी राहिली. आबांनी पुन्हा हात चालवला. सांजेच्या त्या उजेडात ठिणग्या भरभरून सांडत होत्या, आम्ही सगळे बघत होतो. आबा थांबले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पडली का?"

कोणी हसलं नाही. थोरले चुलते माझ्याकडं बघायला लागले.

मी वाकून आबांच्या बोटांखाली पाहिलं. कापूस पांढराफेक होता. झालं होतं असं की, मुलगा शिकून आला, आता त्याच्या बापाजवळ ती काळीकुट्ट चंची नको, म्हणून आईनं ती धुतली होती आणि आतला जळका कापूस फेकून नवा, स्वच्छ पिंजलेला भरला होता. कोरा कापूस ठिणगी धरत नाही. आई चुलीपुढं जन्म काढलेली, पण चकमकीला तिनं कधी हात लावलेला नव्हता. मला तर हायसं वाटलं.

"आबा, कापूस कोरा हाय. आईनं बदललाय. तुमच्या हाताचा काय दोष न्हाई."

त्यांनी कापूस बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

"कापसाचं ऱ्हाऊ दे. ठिणग्या पडत व्हत्या का?"

"लई पडत व्हत्या."

"मला एक बी दिसली न्हाई," आबा म्हणाले. मग चकमक चंचीत घातली, चंची गुंडाळली आणि थोरल्या चुलत्यांना म्हणाले, "लावा काडी."

चुलत्यांची पहिली काडी विझली. दुसरीनं चूल पेटली. निखारे न्यायला कोणी उठलं नाही. सगळ्यांचं त्या एकाच चुलीवर शिजलं. आबा जेवले नाहीत.

सकाळी गुरं चुलत्यांच्या हवाली करून मी त्यांना खाली आणलं. जी वाट त्यांनी मला दाखवली होती, तिच्यावर ते माझ्या खांद्याला धरून चालत होते आणि ओढा आला का, म्हणून विचारत होते. पुढं पुण्याला दाखवलं. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही टिकणार नाही. ते मी आबांना मराठीत सांगितलं. माझ्या शिक्षणाचा त्यांना झाला तो उपयोग एवढाच.

डोंगरावर ते परत गेले नाहीत. दिवसभर ओसरीवर बसत. मी कापूस नीट जाळून चंचीत भरून दिला, तरी ते गारगोटीला कापूस लावतच नसत. नुसतं पोलाद फिरवायचे, आणि विचारायचे, "पडली का?"

आई आत भाकरी थापत असायची. तिथून तिला काय दिसणार? तरी ती म्हणायची, "पडली."

तिला मी कापसाचं कधी सांगितलं नाही.