ओळखीचं कासव

आमच्या शेजारच्या काकांच्या जाळ्यात आजवर एकच कासव सापडलंय, फक्त ते पुन्हा पुन्हा सापडतं. निदान काकांचं म्हणणं तसं. किनाऱ्यावरून रापण ओढताना जाळं भलतंच जड लागलं की ते दोर सोडतात, कमरेवर हात ठेवतात आणि ओरडतात, "इलो मेलो परत!" मग न बोलावता जेवायला आलेल्या पाहुण्याला झापावं तसं त्या कासवाला झापतात, सुरीने जाळं कापतात, खिशातल्या पुडीतलं कुंकू त्याच्या पाठीला लावतात आणि त्याला पाण्यात ढकलतात. पुढे दुपारभर जाळं सांधता सांधता शिव्या चालूच.

एकदा मी म्हटलं, "काका, मागच्या खेपेचो ल्हान होतो."

"वाढलो असात."

"त्याच्या आदलो तर ह्याच्याहून मोठो होतो!"

"मधी आजारी होतो तो. तुका काय म्हायत?"

यंदा दिवाळीपासून कासव आलंच नाही. काल रापण बांगड्यांनी भरून आली, सगळे खूश. काका मात्र मासळीत हात घालून चाचपत राहिले. मग जाळं उचलून कुठे फाटलंय का ते बघू लागले. कुठेच फाटलं नव्हतं.

मला राहवेना. त्यांचंच उत्तर मी त्यांना दिलं, "आजारी असात, काका."

ते ताडकन वळले. "वायट बोलू नको रे!"

त्यांच्या हातात कुंकवाची पुडी उघडून तयार होती.